टक्

जळगावच्या स्टुडिओत फीत कापायचं काम माझ्याकडे होतं:
अर्ध्या ब्लेडनं, तिरकी,
मग पांढरी चिकटपट्टी, मग अंगठ्याचं नख.
खोकला काढ, खुर्चीचं करकरणं काढ,
भुसावळकडे निघालेल्या मालगाडीची शिट्टी काढ.

धरणगावच्या जिनिंगमधले जुने फिटर दगा सैंदाणे
मुलाखतभर सुपारी कातरत होते.
त्यांचं एक वाक्य असं:
'जो पोऱ्या तापीपार गया, तो परत उना नही.'
आणि वाक्यात अडकित्त्याचा एक टक्.

कुठे?
'गया'नंतर, मी म्हणाले.
कंट्रोलवरून रमजान तडवी म्हणाले, 'गया'नंतरच,
श्वास घेतलाय ना त्यांनी, तिथे.
विमल झोपे बातम्या वाचायची,
चुकलेला ऱ्हस्व तिला दारामागूनही ऐकू यायचा.
ती म्हणाली, स्वल्पविरामावर. अगदी वर.

मी तिथली फीत कापून वेगळी ऐकली.
टक् नव्हता.
श्वासही नव्हता. 'गया'तला आ
तसाच 'तो'ला चिकटून पुढे गेलेला.

मग रिळं हातानं फिरवली, मागे, पुढे, मागे,
दगाबा पाण्याखालून बोलल्यासारखे घुमत राहिले,
आणि सापडला.
'परत'मध्ये.
प इकडे, रत तिकडे,
सुपारी शब्दाच्या बरगडीत फुटली होती.

पिवळ्या पेन्सिलीनं खूण केली, जोडलं, लावलं.
हेडवरून खूण सरकली 'परत'च्या वेळी,
माझ्या डोळ्यांदेखत,
आणि टक् ऐकू आला 'गया'नंतर.

'जो' म्हटलं की कान दार उघडं ठेवतो
'तो' येईपर्यंत.
मग घर भरतं, माणसं मांडी घालून बसतात,
आणि मध्येच शिरलेल्या परक्या आवाजाला
कुणी न सांगता
ओट्यावर नेऊन बसवलं जातं.

दगाबांना बोलावून ऐकवलं.
ते रागावले.
'मी काय बोलता बोलता सुपारी फोडस का?
बोलणं सरनं, मंग फोडी.'
तो पोऱ्या कोण, हे मी विचारलं नाही.

त्या रात्री मला जुना फोन आठवला.
चोपड्याहून बहीण: 'अण्णा पहाटे उठून, चहा मागून,
बशीत ओतून, दाराकडे बघत…'
आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं.
तोवर अण्णा उठलेले असतात,
बशी कलती असते,
'बसलेत' असंही येऊ शकतं, 'हसले' असंही.
'गेले.'
आणि माझ्या हातातली लोणच्याची बरणी फुटली.

एकतीस वर्षं मी हे असंच सांगत आले:
ती 'गेले' म्हणाली, आणि बरणी फुटली.
फुटण्याचा आवाज पूर्णविरामावर,
कैरीच्या फोडी त्याच्यापुढे.

परवा तिला विचारलं.
ती म्हणाली, छे, 'बशीत' म्हणत होते तेव्हाच.
मला वाटलं थांबावं, विचारावं काय फुटलं.
पण क्रियापद तोंडाशी आलेलं,
ते आधी टाकून मोकळी झाले.

म्हणजे अण्णा अजून चहा ओतत होते
तेव्हाच माझा हात सुटला होता.
किंवा तसंही नसेल.
तिचा कान तरी कुणी तपासलाय?

दगाबांची मुलाखत बुधवारी लागली, टक्सकट.
साहेबांनी विचारलं, एवढा कसा राहिला?
काय सांगणार.
ऐकू येतो तिथे तो नाही,
आणि आहे तिथे ब्लेड लावलं
तर 'परत' जातं.